आमच्या खिलारीचा सातबारा कुठाय?

बैलगाडी शर्यतींचा हंगाम सुरू झाला की आटपाडी, विटा, दहिवडी, वडूज भागातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर एक बातमी येतेच. अमुक गावच्या खिलार जातीच्या खोंडाला इतक्या लाखांची मागणी आली, मालकानं दिला नाही. खाली फोटो असतो, गळ्यात घुंगरं, कपाळावर गुलाल. मागच्या वर्षी माझ्या पुतण्यानं ती बातमी वाचली आणि विचारलं, "काका, हा एवढा महाग, मग ह्याची आई केवढ्याला?"

मला सांगता आलं नाही. त्या खोंडाची आई कुणाच्या दावणीला आहे, आहे की विकली, तिला आणखी वासरं किती, यातलं काहीच बातमीत नव्हतं. हाच पोरगा रिकाम्या वेळी अमेरिकेतल्या रँचचे व्हिडिओ बघत बसतो. हजारो गाई, घोड्यावरचे गुराखी, क्षितिजापर्यंत कुंपण. तिथं काय चालतं हे त्याला समजावून सांगताना आपल्या गोठ्याकडं मी नव्यानं बघितलं. हा लेख त्यातूनच झाला.

रँच म्हणजे काय, आणि ती गोठ्याहून वेगळी कशी

गोठ्यात वैरण जनावराकडं येते. रँचवर जनावर वैरणीकडं जातं. मुख्य फरक एवढाच, बाकी सगळं त्यातून निघतं.

आपण कडबा रचून ठेवतो, ऊस असेल तर वाढे आणतो, सरकी पेंड भिजवतो आणि दावणीला नेऊन घालतो. रँचवाला गवत पिकवतो आणि जनावर त्याच्यावर सोडतो. पाऊस कमी असला की एका जनावराला जमीन जास्त लागते. दक्षिण टेक्सास हा असाच कोरडा, काटेरी झुडपांचा मुलूख. तिथं एक गाय आणि तिचं वासरू वर्षभर चरायला वीसेक एकर सहज लागतात. आपल्या माण-खटावच्या माळावर पावसाळ्यानंतर कुसळी गवताचं काय होतं हे ज्यानं बघितलंय, त्याला वीस एकरांचं नवल वाटणार नाही.

म्हणून रँच अवाढव्य असते. टेक्सासमधली किंग रँच ही सगळ्यात नावाजलेली. तिची जमीन आहे सव्वाआठ लाख एकर, म्हणजे सुमारे ३,३०० चौरस किलोमीटर. आपला सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा, सांगली ८,५७२ चा. सातारा जिल्ह्याचा तिसरा हिस्सा एका घरच्या मालकीचा, असं समजा.

तिथलं वर्ष असं फिरतं. वीस-पंचवीस गाईंमागं एक वळू या हिशेबानं ठरावीक महिन्यांत वळू कळपात सोडतात. साडेनऊ महिन्यांनी सगळी वासरं आगेमागे एकदमच जन्मतात. लहानपणीच त्यांना लस देतात, खूण करतात. सहा-आठ महिन्यांची झाली की आईपासून तोडतात. चांगल्या कालवडी कळपात राहतात, बाकीची वासरं विकली जातात. गाभण न राहिलेली, म्हातारी गाय कळपातून काढतात.

विकलेली वासरं पुढं मांसासाठीच जातात, हे स्पष्ट सांगायला हवं. रँचचं सगळं अर्थकारण त्यावर उभं आहे. आपल्याकडं तसं नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा आहे, आणि २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळं त्यांचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. पण पैशाचा हिशेब बाजूला ठेवला तरी जनावर निवडण्याची त्यांची रीत उरते, आणि मला बोलायचंय ते त्या रीतीबद्दल.

मग घोडा कशाला?

वीस एकराला एक गाय म्हटल्यावर पाचशे गाई दहा हजार एकरांवर पांगतात. त्यांना गोळा करायला माणूस पायी पुरत नाही. घोडा लागतो, आणि तोही शहाणा लागतो. कळपातून एक वासरू वेगळं काढायचं असलं की ते वासरू डावी-उजवी हुलकावणी देतं. घोड्यानं लगाम खेचायच्या आधीच त्याच्याबरोबर वळलं पाहिजे. असं कळणारं घोडं शिकवून तयार होतं खरं, पण आधी ते रक्तात असावं लागतं.

म्हणून किंग रँचनं गाईंइतकीच मेहनत घोड्यांवर घेतली. क्वार्टर हॉर्स ही तिकडची कामाची जात. पाव मैलाच्या शर्यतीत तिचा हात कुणी धरत नाही, त्यावरून हे नाव. या जातीची नोंदणी करणारी संस्था १९४० साली निघाली. तिच्या नोंदवहीत पहिला क्रमांक १९४१ च्या प्रदर्शनात जिंकणाऱ्या घोड्याला द्यायचा असं ठरलं होतं. तो मिळाला किंग रँचच्या 'विम्पी'ला. रँचवरच्या 'ओल्ड सॉरेल' नावाच्या एकाच नामी घोड्याचा तो नातू. 'असॉल्ट' नावाचा रँचचा आणखी एक घोडा शिंगरू असताना खुंटावर पाय पडून पुढच्या खुराला अधू झाला होता. त्यानं १९४६ साली अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती मारल्या.

आपल्याकडं हे काम कुणी केलं? धनगरांनी. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाडे खाली उतरतात तेव्हा तांड्याबरोबरचं तट्टू नीट बघा. पाठीवर सगळं बिऱ्हाड, वर कोंबड्या बांधलेल्या, बाजूच्या झोळीत नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि कासरा धरून चालणारी बाई. हीच भीमथडीची घोडी. मराठ्यांच्या घोडदळात हिचे पूर्वज होते. अलीकडंच तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. शेकडो वर्षं धनगरांनी ती सांभाळली, पण कागदावर चढायला एवढा काळ जावा लागला.

किंग रँच पावणेदोनशे वर्षं एका घरात कशी राहिली?

पुतण्याचा हा दुसरा प्रश्न, आणि तो अगदी आपल्या मातीतला होता. आपल्याकडं आजोबांची चाळीस एकर, वडिलांची दहा, आपली अडीच. मग त्यांच्या वाटण्या झाल्या नाहीत का?

झाल्या. रिचर्ड किंग हा नदीतल्या वाफेच्या बोटीवरचा कप्तान. त्यानं १८५३ मध्ये साडेपंधरा हजार एकर घेऊन सुरुवात केली. पुढच्याच वर्षी सीमेपलीकडच्या मेक्सिकोत भयंकर दुष्काळ पडला. क्रुइयास नावाच्या गावातली जनावरं त्यानं विकत घेतली, आणि नंतर त्या गावच्या माणसांनाच घरदारासकट रँचवर राहायला बोलावलं. दोरी टाकणं, घोडं शिकवणं, गाय ओळखणं ही विद्या त्या माणसांची होती. त्यांना 'किनेन्यो' म्हणजे किंगची माणसं म्हणू लागले. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथंच कामाला राहिल्या. दुष्काळात गाव सोडायला लागणं म्हणजे काय हे माणदेशाला सांगायला नको. रँचचा इतिहास सांगताना मालकाचं नाव पहिलं येतं. माझ्या मते या माणसांचं यायला हवं.

१८८५ मध्ये किंग वारला तेव्हा सहा लाख एकरांच्या आसपास जमीन होती आणि पाच लाख डॉलर कर्ज. त्याची बायको हेन्रिएटा हिनं जावयाला हाताशी धरून पुढची चाळीस वर्षं रँच चालवली. दुष्काळ तिथंही पाठ सोडत नव्हता. १८९९ साली जावयानं खोल बोअर घेतलं आणि पंपाविना पाणी आपसूक वर उसळलं. त्या पाण्यानं रँच तगली. हेन्रिएटा १९२५ ला गेली आणि वारसांत वाटणीचा प्रश्न आला. काही जमीन वेगळी झाली. पण जावयाच्या शाखेनं १९३० च्या दशकात रँचची कंपनी केली. जमीन एकत्र राहिली, वाटण्या झाल्या त्या हिश्श्यांच्या.

सहकारी साखर कारखान्याचा सभासद असलेल्याला हे समजायला अवघड नाही. कारखान्यात तुमचा शेअर असतो, म्हणून कुणी बॉयलरचा तुकडा कापून घरी नेत नाही.

आणि १९३३ मध्ये रँचनं तेल कंपनीला जमीन भाड्यानं दिली, तिथं पुढं तेल लागलं. नुसत्या गाईंच्या जोरावर हे सगळं टिकलं असं कुणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे.

कृष्णाकाठचं रक्त टेक्सासला

आता मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट.

टेक्सासच्या उन्हात विलायती गाय टिकत नव्हती. गोचिडांमुळं येणारा ताप कळपच्या कळप संपवायचा. मग तिकडच्या लोकांनी भारतीय गोवंशाकडं बघितलं. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, सैल पातळ कातडी, आखूड केस. हे आपल्याला रूप वाटतं, पण ते उन्हाशी झगडायचं साहित्य आहे. कातडीचा पसारा मोठा म्हणून अंगातली उष्णता बाहेर पडते. घाम चांगला येतो. कातडी थरथरवून गोचीड-माशी झटकता येते.

१८५४ ते १९२६ या काळात भारतीय वंशाची तीनशेहून कमी जनावरं अमेरिकेत उतरली, त्यातही बहुतेक वळू. त्यांच्यापासून तिकडं 'ब्राह्मण' नावाची जात तयार झाली. तिच्या पायात चार भारतीय जाती मोजतात. गुजरातकडची कांकरेज, गीर, आंध्रातली ओंगोल, आणि चौथी कृष्णा खोरे.

कृष्णा खोरे म्हणजे आपलीच. कृष्णा, वारणा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काठची काळी माती पावसात अशी चिकट होते की हलका बैल तिच्यात रुततो. तिथं खोल नांगरट करायला धिप्पाड, जड, ताकदीचा बैल हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगलीसह दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांच्या आश्रयानं गीर, ओंगोल, कांकरेज आणि इथल्या म्हैसुरी वळणाच्या गाईंच्या संकरातून ती जात घडली. त्याच जातीची काही जनावरं समुद्र ओलांडून गेली.

पुढं किंग रँचनं या ब्राह्मण जनावरांचा विलायती शॉर्टहॉर्न गाईंशी संकर केला. १९२० मध्ये जन्मलेला 'मंकी' नावाचा तांबडा वळू त्यांना मनाजोगता सापडला. त्याची वासरं, नातवंडं, पतवंडं निवडत, नको ती काढत त्यांनी 'सांता गर्ट्रूडिस' ही नवी जात उभी केली. साधारण पाच हिस्से शॉर्टहॉर्न, तीन हिस्से ब्राह्मण. १९४० मध्ये अमेरिकन सरकारनं तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आज त्या जातीतलं कुठलंही शुद्ध जनावर घ्या, त्याचा माग मंकीपर्यंत जातो.

आणि इकडं कृष्णाकाठावर? ट्रॅक्टर आला, जड बैलाचं काम संपलं. ही जात आता बेळगाव, बागलकोट, विजापूरकडं आणि आपल्या बाजूला थोडीफार उरलीय. सांगलीत उभं राहून दहा जणांना विचारा, नऊ जणांनी तिचं नावही ऐकलेलं नसेल. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यांनी काय केलं जे आपण केलं नाही?

त्यांनी लिहून ठेवलं.

वंशावळीची नोंदवही म्हणजे जनावराचा सातबारा. जमीन कुणाची हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तरी बँकेत सातबारा मागतात. कारण माहीत असणारा माणूस उद्या असेलच असं नाही. फेरफारात जसं जमीन कुणाकडून कुणाकडं आली ते दिसतं, तसं नोंदवहीत रक्त कुणाकडून आलं ते दिसतं.

माझ्या आजोबांकडं ही वही डोक्यात होती. संध्याकाळी गाई माळावरून आल्या की ते दारातल्या दगडावर बसून एकेकीकडं बघत सांगायचे. "ही कोशी आपल्या जुन्या मुरडीची पणती. मुरडी आली खरसुंडीच्या पौषी यात्रेतनं. तिचा बाप म्हसवडच्या अंगाचा, म्हणून हिची शिंगं बघ, बुडात जवळ आणि मागं धनुष्यासारखी." कुठल्या गाईची वासरं तापट निघाली, कुठलीचा खोंड चिखलात दम धरायचा, कुठलीचं दूध वासराला पाजूनही तांब्याभर उरायचं, सगळं पाठ.

ही एका घरची गोष्ट नव्हे. खिल्लार या शब्दाचा अर्थच गुरांचा कळप, आणि ठिलारी म्हणजे कळप पाळणारा. माणगंगेच्या दोन्ही काठांवर, साताऱ्यातलं माण-खटाव, सांगलीतलं आटपाडी-जत आणि सोलापुरातलं सांगोला, या सगळ्या कोरड्या पट्ट्यात ही जात घडली. आटपाडी औंध संस्थानात होती तेव्हापासून 'आटपाडी महाल' हे खिलारीच्या एका प्रकाराचं नाव पडलं, दुसरा म्हसवडचा. कुणी एक मालक नव्हता. हजारो घरं, प्रत्येकाकडं दोन-चार गाई, आणि खरसुंडी, पुसेगाव, म्हसवडच्या यात्रांत देवाणघेवाण. माणदेश हीच एक कुंपण नसलेली रँच होती. यात्रेत रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, पण त्याआधी तासभर आई-बापाचीच चौकशी चालायची.

आजोबा गेले त्या वर्षी ती वहीही गेली. दोन वर्षांनी एक गिऱ्हाईक आमच्या कालवडीला आलं. जनावर पसंत पडलं. त्यानं आईचं, आईच्या आईचं विचारलं. माझ्या वडिलांनी सांगितलं तेवढं सांगितलं, मग ते अडले. "आमच्याच घरची पैदास आहे" म्हणाले. तो म्हणाला, "घरची आहे हो, पण कुणाची?" ठरल्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात कालवड गेली. पैशाचं दुःख विसरलं. त्या प्रश्नावर वडिलांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो.

नातं माहीत नसलं तर बिघडतं काय?

इथं थोडं शास्त्र लागेल. अंगातला प्रत्येक गुण ठरवणाऱ्या सूचना जोडीनं असतात, एक आईकडून, एक बापाकडून. या सूचनांना जनुक म्हणतात. जोडीतला एक सदोष असला तरी बहुतेकदा दुसरा सांभाळून घेतो. छकड्याला जुंपलेल्या जोडीत एक बैल थोडा लंगडला तरी दुसरा ओढून नेतो, तसंच हे. पण दोन्ही बाजूंनी तेच लंगडं जनुक आलं की गाडी बसते. वासरू अशक्त निघतं, गाय उलटते म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, दोन वेतांतलं अंतर वाढतं, वळूच नापीक ठरतो.

जवळच्या नात्यात संकर झाला की हा धोका वाढतो. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या वासराला एकाच पूर्वजाकडून तेच जनुक दोन्ही बाजूंनी मिळायची शक्यता २५ टक्के असते. एका बापाच्या, वेगळ्या आयांच्या भावंडांत १२.५ टक्के.

आता गावात काय होतं बघा. गावचा वळू नामी निघाला. सगळे त्यालाच गाय दाखवतात. तीन-साडेतीन वर्षांत त्याच्या लेकी माजावर येतात. वळू अजून तोच, जोमात. लेक बापालाच दाखवली जाते, आणि कुणाला पत्ता नसतो, कारण कालवड मधल्या काळात दोन दावणी बदलून आलेली असते. यात कुणाची चूक काढावी असं काही नाही. माहिती नव्हती, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मंकीचं रक्तही त्यांनी जवळच्या नात्यातच फिरवलं की. हो, फिरवलं. चांगला गुण पक्का करायचा तो एक मार्ग आहे. पण त्यांच्याकडं प्रत्येक जनावराचं नातं लिहिलेलं होतं, बिघडलेलं जनावर ते पैदाशीतून लगेच काढू शकत होते, आणि कळप हजारांचा होता. आपण तेच करतो, फक्त न बघता.

"शर्यतींनी खिलार वाचवली की!"

हे मला गावोगाव ऐकायला मिळतं, आणि त्यात तथ्य आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली तेव्हा खोंडांचे भाव कोसळले. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. त्यानंतर गोठ्यात खिलार पुन्हा दिसायला लागली. ज्यांनी बंदीच्या काळातही वळू विकला नाही त्यांचं ऋण मोठं आहे. प्राण्याला त्रास होऊ नये म्हणून घातलेल्या अटीही रास्तच आहेत, आणि ज्याचा बैलावर जीव आहे त्याला त्या जाचत नाहीत.

पण शर्यत बघते काय? दातांवरून ठरणाऱ्या आदत, दुसा, चौसा, कुठल्याही गटात एकच गोष्ट, वेग. आणि तोही नराचा. रानात दिवसभर दम धरणं, कमी वैरणीवर तग धरणं, गाईचं वेळेवर गाभण राहणं, वासराला पुरेल एवढं दूध, शांत स्वभाव, यातलं मैदानात काहीच दिसत नाही. ज्वारीचं बी धरताना नुसतं उंच ताट बघून कुणी कणीस निवडत नाही. दाणा, कडबा, कीड, सगळं बघतात. शर्यतीचा एक गाजलेला वळू निघाला की त्याचंच बी सगळीकडं जातं, आणि चार वर्षांनी जिकडं तिकडं सावत्र भावंडं.

आणि गाय? खोंडाला लाख मिळाले तरी त्याच्या आईला दोन-तीन लिटर दुधाचाच भाव. तीही पहिल्यांदा वेते चौथ्या वर्षाच्या आसपास, तोवर नुसतं खाते. म्हणून ती पहिली विकली जाते. माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

"मग जर्सी, होल्स्टीन का पाळायची नाही?"

पाळा. ज्याचा संसार डेअरीच्या पगारावर चालतो त्यानं संकरित गाय ठेवावी. त्याला खिलारीचा उपदेश करायचा मला हक्क नाही. माझं म्हणणं इतकंच की ज्याच्या दावणीला शुद्ध खिलार गाय आहेच, त्यानं तिला विलायती रेत भरू नये. अशी गाय एकदा संकरात गेली की तिच्या पोटची पुढची पिढी खिलार राहत नाही. टेंभू योजनेचं पाणी आलं, माळ मोडून डाळिंब-ऊस झाला, चराऊ रान घटलं, हे सगळं खरं आहे. तरी २०१२-१३ च्या दुष्काळातल्या चारा छावण्यांत वाळक्या कडब्यावर कोण टिकलं होतं ते बघितलेली माणसं अजून आहेत.

"एवढी जमीन आपल्याकडं कुठाय?"

जमिनीची गरज नाही. रँचचं कुंपण आपल्याला नको, तिची वही हवी. आणि वहीला एकर लागत नाहीत.

कानातला पिवळा बिल्ला आता जवळजवळ प्रत्येक जनावराला आहे. त्यावरचे बारा आकडे म्हणजे त्या जनावराचं आधार कार्ड. पण आधार कार्डावरून आजोबा कोण ते कळत नाही. ते लिहायचं काम मालकाचंच. शंभर पानी वही घ्यायची. जन्मतारीख, बिल्ल्याचा नंबर, आई, आईची आई, बाप, बापाचं गाव, वेत कितवं, स्वभाव, खोट असेल तर खोट. खोट लपवायची नाही, नाहीतर वही निरुपयोगी. कृत्रिम रेतन केलं असेल तर रेतमात्रेच्या नळीवर वळूचा नंबर छापलेला असतो. डॉक्टर गेल्यावर नळी टाकून देऊ नका, नंबर उतरून घ्या.

दुसरी गोष्ट, वळूचा पैरा. शेतात आपण एकमेकांचे बैल आळीपाळीनं वापरून पैरा करतो, शर्यतीत दुसऱ्याच्या बैलाशी जोडी लावतो त्यालाही पैराच म्हणतो. तसाच तीन वर्षांनी दोन गावांनी वळू बदलून घ्यायचे. लेकी माजावर यायच्या आत बाप दुसऱ्या गावाला. रँचवरही वळू दर दोन-तीन वर्षांनी याच कारणासाठी दुसऱ्या कळपात हलवतात. याला खर्च टेम्पोच्या भाड्याएवढा.

पाच-सहा गावांच्या वह्या एकत्र बसवल्या की जी गाय आज दोन लिटरच्या भावानं जाते, तिला चार नामी खोंडांची आई म्हणून भाव मागता येईल. घेणाऱ्याला पुरावा दाखवता येईल. माझा भरवसा यावर आहे.

आमच्या घरची वही

गेल्या पौषात आमच्या कोशीला कालवड झाली. पुतण्यानं नवी वही आणली, रेघा मारून रकाने पाडले. जन्मतारीख लिहिली. आईच्या रकान्यात कोशी. बापाच्या रकान्यात शेजारच्या गावच्या वळूचं नाव. त्याच्या पुढचा रकाना रिकामा राहिला म्हणून त्यानं वळूच्या मालकाला फोन लावला.

समोरच्यानं वळूची आई सांगितली, तिची आई सांगितली. त्यापुढं अडला. म्हणाला, "थांब, आमची म्हातारी शेण काढतीय, तिला ठाऊक असंल." फोन तसाच चालू राहिला. गोठ्यातल्या साखळीचा आवाज, मग लांबून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, ती एकेक गाय नावानं सांगत होती. पुतण्या पेन घेऊन भराभर लिहीत होता. रकाना संपला, त्यानं पान उलटलं.